माळ्यावरची थंडी

ठाण्यात थंडी वर्तमानपत्रातून येते. पहिल्या पानाच्या तळाशी निफाडचा पारा घसरल्याची चौकट दिसली, वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण झाल्याचा फोटो आला, की आई चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते आणि म्हणते, "गारठा पडलाय हो." डोक्यावर पंखा तीनवर फिरत असतो.

त्याच दिवसांत कधीतरी मी स्टुलावर चढते आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढते. ट्रंक उतरवेस्तोवर पाठीला घामाची धार लागते. आमच्या घरातली खरी थंडी त्या ट्रंकेत राहते. झाकण उघडलं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात शिरतो. तो ओसरला की त्याच्या मागे अगदी पुसट असा दुसरा वास असतो, लाकडाच्या धुराचा. कितीही धुवा, कानटोपी धूर विसरत नाही. ही कानटोपी कुठल्या शेकोटीला बसून आली हे मला आठवत नाही, पण तिला आठवत असावं.

गेल्या डिसेंबरात हिमालयात, केदारकंठाला निघायचं होतं. मी आणि माझी भाची. माझी पन्नाशी उलटलेली, तिची पंचविशी यायची. ती आधीही ट्रेकला गेलेली, पण बर्फात तंबू ठोकून राहायची तिची पहिलीच वेळ. बेत ठरल्यापासून निघेपर्यंतचे दहा दिवस हॉलमधली फरशी कुणाला मोकळी दिसली नाही. जुनी चादर अंथरून तिच्यावर एकेक वस्तू मांडायची, ही माझी पद्धत. काय आहे ते दिसतं, काय नाही तेही दिसतं. आई पलंगावर पाय सोडून बसलेली, वय अठ्ठ्याहत्तर, आणि तिची नजर लग्नाच्या रुखवतावर फिरावी तशी त्या मांडामांडीवर.

मला या दहा दिवसांचं प्रवासापेक्षा जास्त अप्रूप आहे, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. घामाघूम होऊन थंडीचा विचार करायचा असतो. अठ्ठावीस अंशांत बसून उणे सात अंशांतली रात्र मनात उभी करायची, तिच्यात स्वतःला झोपवायचं, पहाटे तीनला उठवायचं, बुटांची नाडी बांधायला लावायची आणि बोटं वळत नाहीत म्हटल्यावर आणखी एक पातळ हातमोजा चादरीवर आणून ठेवायचा.

ही कल्पना करण्याची अक्कल मला उशिरा आली. आली ती हरिश्चंद्रगडावर.

साल १९९४. कॉलेजातल्या आम्ही चार मुली आणि पाच मुलगे, डिसेंबरातला शनिवार. कसाऱ्यापर्यंत लोकल, मग एसटी, मग राजूरहून मिळेल ती जीप, आणि पाचनईपासून पायवाट. माझ्या अंगात जीनची पँट, सुती टी-शर्ट आणि वर भावाचा विंडचीटर. सॅकमध्ये एक सोलापुरी चादर. थंडी म्हणजे काय, तर पहाटे पांघरूण ओढून घ्यायची गोष्ट, एवढीच माझी समज. चढताना भरपूर घाम आला आणि तो मला शुभशकुन वाटला. वर पोचलो, देवळाच्या आवारात हुंदडलो. केदारेश्वराच्या गुहेत त्या गार पाण्यात उतरून मुलग्यांनी पिंडीला प्रदक्षिणा घातली आणि दात वाजवत बाहेर आले, तेव्हा आम्ही हसलो. कोकणकड्यावर सूर्य बुडाला. सह्याद्रीत डिसेंबरात सूर्य बुडतो तो एकटा बुडत नाही, बरोबर सगळं घेऊन जातो. आकाश इतकं निरभ्र की जमिनीनं दिवसभर साठवलेली धग त्या उघड्या छपरातून सरळ वर निघून गेली. सुमारे चौदाशे मीटरची उंची. आम्ही लेण्यात जाऊन पडलो.

रात्री अकराच्या सुमाराला मला कळलं की माझा टी-शर्ट अजून ओला आहे. जीन ओली आहे. कंबरेपासून खाली कुणीतरी ओली गोणी गुंडाळली आहे असं वाटत होतं. चादर दुहेरी करून घेतली, मग मैत्रिणीची आणि माझी मिळून चौहेरी. उपयोग शून्य. सारखं वाटे, थंडी आत शिरतेय तरी कुठून?

गडावर एका गुराख्याची झोपडी होती. तो म्हातारा बाबा उजेड दिसला म्हणून की आमचे दात वाजलेले ऐकू आले म्हणून, कंदील घेऊन आला. खांद्यावर काळी घोंगडी. त्यानं आम्हा नऊ जणांकडे बघितलं, काही न बोलता परत गेला, आणि वाळलेल्या गवताचे दोन भारे घेऊन आला. ते आमच्या अंगाखाली पसरले. म्हणाला, "पोरांनो, तुम्हाला वाटतं थंडी वरून येती. ती खालून येती."

पुढे कितीतरी पुस्तकं वाचली, कॅरीमॅटच्या जाडीवर लोक तासन्‌तास वाद घालताना ऐकले. त्या एका वाक्याच्या पलीकडे कुणी गेलेलं मला तरी आढळलं नाही. अंगावर चार पांघरुणं असोत, अंगाखालचा दगड रात्रभर आपली ऊब पीत राहतो. त्याला घाई नसते आणि त्याचं पोट कधी भरत नाही.

पहाटेच्या सुमाराला त्या बाबानं आपली घोंगडी आम्हा चार मुलींवर टाकली आणि स्वतः शेकोटीशी उकिडवा बसून राहिला. घोंगडी टोचत होती. तिला मेंढरांचा उग्र वास होता. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर अशीच, रखरखीत. सनगर ती हातमागावर विणतात, चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून ती उभी राहील इतकी ताठ असते. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घ्यावी, उन्हात अंथरावी, रात्री पांघरावी, लग्नात तिच्यावरच बसावं. शहरातल्या दुकानात आज ज्याला 'मल्टिपर्पज' म्हणून दुप्पट पैसे लावतात, ते सगळं त्या एका काळ्या चौकोनात होतं. आणि ती दवानं ओलसर झालेली असूनही ऊबदार होती, हे मला त्या रात्री चमत्कारासारखं वाटलं.

चमत्कार नव्हता तो. लोकरीचा तंतू कुरळा असतो, एकमेकांना चिकटून झोपत नाही, त्यामुळे मधे हवा अडकते. शिवाय तो स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेतो आणि वर कळू देत नाही. कापूस तसा नाही. कापूस भोळा. घाम दिसला की पिऊन टाकतो, भिजून अंगाला चिकटतो, आणि वाळताना अंगाची ऊब खर्चून वाळतो. वैशाखात आपण त्याच्या याच गुणावर जगतो. आपण महाराष्ट्रातली माणसं जन्मल्यापासून सुती, सुती दुपट्यात गुंडाळलेली. म्हणूनच डोंगरातली थंडी आपल्याला फसवते: ज्या कापडावर आयुष्यभर विश्वास टाकला तेच तिथे उलटतं. त्यात त्या कापडाचा काही दोष नाही. ते जे वैशाखात करतं तेच पौषात करतं.

मग आजीच्या गोधडीनं ऊब कशी दिली, हा आईचा प्रश्न. रास्त आहे. आजीची गोधडी नऊवारीच्या जुन्या पातळांची, पाच-सहा थरांची, धावदोऱ्यानं शिवलेली. तिच्यात ऊब कापसाची नव्हती, थरांमधल्या हवेची होती. वर छप्पर होतं, खाली शेणानं सारवलेली जमीन, शेजारी दोन भावंडं, आणि भिंतीपलीकडे गोठा. तीच गोधडी डोंगरावर नेली तर निम्मी सॅक भरेल, पहिल्या दवात भिजेल आणि तिसऱ्या दिवसापर्यंत वाळणार नाही. वस्तू आपापल्या घरी शहाण्या असतात.

भाचीला मी थरांचं गणित घडीच्या पोळीवरून समजावलं. एकच जाड पोळी लाटली तर ती भाकरीसारखी राहते. तेलाचं बोट फिरवून, घडी घालून लाटली तर तव्यावर पदर सुटतात, कारण मधे वाफ खेळते. कपड्यांचंही तसंच. एक जाडजूड कोट नको, तीन पदर हवेत. अंगालगतचा पातळ, घाम ओढून बाहेर ढकलणारा. मधला फुगीर, हवा धरून ठेवणारा. बाहेरचा वाऱ्यापावसाला दार लावणारा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ते वेळच्या वेळी काढणं. चढ लागायच्या आधी एक पदर उतरवायचा, थोडं काकडतच निघायचं. दहा मिनिटांत अंग तापतं. चढावरचा घाम ही थंडीकडून घेतलेली उधारी आहे, मुक्कामाला पोचलो की ती व्याजासकट वसूल करते.

"मग मधला पदर कुठला नेतेयस?" भाचीनं विचारलं. तिच्याकडे नवंकोरं फ्लीस होतं, पिवळंधमक. मी ट्रंकेच्या तळाशी हात घातला आणि मरून रंगाचा स्वेटर काढला.

तो स्वेटर आईनं लोकलमध्ये विणला आहे. ठाणे ते व्ही.टी., सकाळची आठ सव्वीस, लेडीज डबा. हरिश्चंद्रगडाहून मी तापानं फणफणून परत आले त्याच आठवड्यात तिनं टाके घातले. घाटकोपरपर्यंत सुलट, कुर्ल्याच्या पुढे उलट, आणि दादरला गर्दी उतरताना टाका निसटू नये म्हणून सुया पर्समध्ये. मे महिन्यात, घामानं लोकर बोटांना चिकटत असताना, तो पुरा झाला. तो घालून मी पहिल्यांदा हिमालयात गेले. आज कोपरं विरली आहेत, गळा सैल पडला आहे, पण हिमालयाला निघताना तो घेतला नाही असं झालेलं नाही.

भाचीनं स्वेटरच्या आतल्या बाजूचा सुटलेला धागा तोडला आणि गॅसच्या लायटरवर धरला. खरी लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की ती आपोआप विझते. हा धागा वितळला. टोकाला काळा कडक मणी झाला.

"मावशी, हे प्लास्टिक आहे."

पलंगावरून आई म्हणाली, "दुकानदारानं शुद्ध लोकर म्हणून दिली होती. पावशेराला किती मोजले होते मी!" तीस वर्षांनी तिला त्या दुकानदाराचा राग आला आणि तो रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. मला मात्र हसू आवरेना. अ‍ॅक्रिलिक पाणी फारसं पीत नाही, झटकलं की वाळतं. म्हणजे सगळे जाणकार आता मधल्या पदराबद्दल जे सांगतात, ते आईनं फसवणुकीतून का होईना १९९५ मध्येच साधलं होतं. भाचीचं पिवळं फ्लीसही तर पॉलिस्टरच, ते काही मेंढीवरून उतरलेलं नाही. मरून प्लास्टिक चादरीवर गेलं, पिवळ्या प्लास्टिकच्या शेजारी.

फुगीर जॅकेट मात्र मी नवं घेतलं. पिसांचं. ते अंगात घालून ठाण्यातल्या आरशासमोर उभं राहिलं की माणूस गादीत अडकल्यासारखा दिसतो. आईनं तोंडाला पदर लावला. मग मी तिला फिंचची गोष्ट सांगितली.

जॉर्ज फिंच, ऑस्ट्रेलियात जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत तो होता. बाकीचे साहेब लोक शिकारीला निघाल्यासारखे, ट्वीडचे कोट, लोकरी मफलर. फिंचनं मात्र स्वतःच्या डोक्यानं एक कोट शिवून घेतला होता: बाहेरून फुग्याचं कापड, म्हणजे आकाशात उडणाऱ्या मोठ्या बलूनचं, आत आयडर बदकाची पिसं, आणि रजईला घालतात तसे टाके. सगळे हसले त्याला. मग वर वारा सुटला आणि हसणं थांबलं. तो आणि जेफ्री ब्रूस ८,३०० मीटरच्या आसपास पोचले, तोवर इतक्या उंचीवर पायी कुणी गेलेलं नव्हतं. आज जगभर जे फुगीर जॅकेट मिरवतं, त्याचा हा आजोबा.

आईला यातलं कशाचं विशेष वाटलं नाही. पण पुढचं ऐकून ती सावरून बसली. हाच फिंच १९५२ ते १९५७ पुण्यात होता, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक म्हणून. "म्हणजे आपली ताई नर्सिंगला होती तेव्हा," आई म्हणाली. एव्हरेस्टवरच्या थंडीला हरवणारा कोट ज्यानं शिवला, तो माणूस पुण्याच्या गुलाबी थंडीत पाच वर्षं राहिला. त्या पाच हिवाळ्यांत त्यानं अंगात काय घातलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. बहुधा साधा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर.

आयडर हे उत्तरेकडचं समुद्री बदक. अंडी घालायच्या वेळी मादी स्वतःच्या छातीची पिसं उपटून घरट्यात अंथरते. आइसलँडमध्ये लोक ती घरट्यांतून गोळा करतात. एवढी हलकी, एवढी ऊबदार वस्तू विरळाच. माझ्या जॅकेटातली पिसं साध्या बदकाची आहेत, आयडरची परवडणारी नव्हेत. पण हे पक्षीण कशासाठी करते ते कळल्यापासून जॅकेटची चेन लावताना हात जरा हळू होतो.

आता किरकोळ सामान. आणि माझ्या मते थंडीत माणूस किरकोळ सामानावरच तरतो.

हातमोजे दोन प्रकारचे. पाच बोटांचे पातळ, आणि त्यावर एकाच पिशवीत चारही बोटं राहतील असे जाड. बोटं एकत्र कुटुंबात असली की एकमेकांना धरून राहतात, वेगवेगळ्या खोल्या दिल्या की प्रत्येक जण एकटा गारठतो. मोजे तीन जोड. त्यातला एक फक्त झोपेचा, त्यानं चालायचं पाप करायचं नाही. भाचीला बुटात दोन जाड मोजे चढवायचे होते. घालून बघ म्हटलं. बूट आवळला, बोटं हलेनात. रक्त फिरायला जागा नसेल तर लोकर तरी काय करणार? एक जोड परत गेला. जॅकेटच्या, तंबूच्या, सॅकच्या सगळ्या चेनना मी जुन्या परकराच्या नाडीचे तुकडे बांधले, म्हणजे जाड हातमोज्यांतूनही ओढता येतात. हे मी कुठे वाचलेलं नाही. एकदा चेन सापडेना म्हणून रडले होते, त्यातून सुचलं.

कानटोपीवरून नेहमीचा वाद झाला. निम्मी ऊब डोक्यातून जाते असं आई म्हणते, आणि तिच्यासारखं म्हणणारे जगभर आहेत. ते खरं नाही. डोकं शरीराच्या मानानं जेवढं, तेवढीच ऊब त्यातून जाते. पण बाकी सगळं अंग झाकून डोकं उघडं ठेवलं तर गळती तिथूनच होणार. त्यामुळे वादात मी जिंकले आणि टोपी घातली.

आईनं स्वतःच्या दोन वस्तू चादरीवर आणून ठेवल्या. एक मुठेल. वेंगुर्ल्याहून मावशीनं पाठवलेला कोकमाच्या तेलाचा तो फिकट घट्ट गोळा, मुठीचे वळ तसेच असलेला. ज्या मुलखात कधी स्वेटर लागला नाही तिथल्या माणसांनी टाचांच्या भेगांवर काढलेला हा उपाय ओठांना, नाकपुड्यांना, गालांना लावला की बर्फावरचा वारा त्यावरून घसरून जातो. दुसरी वस्तू डिंकाचे लाडू, वीस. नऊशे ग्रॅम वजन, मी मोजलं. टूथब्रशची दांडी अर्धी कापून वजन वाचवणाऱ्या भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. झोपायच्या आधी तुपाचं काही खाल्लं की अंगातली चूल रात्रभर विझत नाही, हे जिला पाठ आहे तिच्याशी वजनावरून काय बोलायचं.

उरली स्लीपिंग बॅग. भाचीनं एका दुकानातून आणली होती. पिशवीवर ठळक उणे दहा. मी आतली शिवण उलटून बारीक चिठ्ठी शोधली. युरोपात याची ठरलेली मोजणी आहे: तापवलेला पुतळा बॅगेत झोपवतात आणि तीन आकडे काढतात. पहिला आरामाचा, बाईला सुखानं झोप लागेल तो. दुसरा मर्यादेचा, पुरुष मुटकुळं करून निभावेल तो. तिसरा टोकाचा. तिसऱ्याचा अर्थ एवढाच की बाई सहा तास बहुधा जिवंत राहील. पिशवीवर छापलेला उणे दहा हा तिसरा होता. आरामाचा आकडा अधिक पाच. हरिश्चंद्रगडावरच्या बाबाला अंक येत नव्हते, पण त्यानं आम्हाला असं कधी विकलं नसतं. बॅग परत केली, भांडून, आणि दुसरी आणली.

केदारकंठाच्या पायथ्याचं सांक्री गाव साडेसहा हजार फुटांच्या आतबाहेर. लाकडी घरं, खाली गुरं आणि वर माणसं. गुरांच्या अंगाची वाफ फळ्यांमधून वर चढते आणि बिछाना कोमट राहतो. ओसरीवर एक म्हातारा उभ्या उभ्या तकलीवर लोकर कातत होता, बोलताना, चालताना, आमच्याकडे बघतानाही. त्यानं माझ्या फुगीर जॅकेटला दोन बोटांनी दाबून बघितलं, दबलेलं पुन्हा फुगलं, आणि तो समाधानानं हसला. त्याला कळलं होतं. त्याची लोकर आणि माझी पिसं, दोघांचाही धंदा हवा धरायचा.

दुसऱ्या मुक्कामाला तंबूबाहेर बर्फ होतं. आम्ही झोपायची तयारी करत होतो. उकळतं पाणी बाटलीत भरून, बाटलीला मोजा घालून पायाशी. मोबाइल, हेडटॉर्चचे सेल, उद्याचे हातमोजे, बुटातले तळवे, सगळी पिल्लं बॅगेत पोटाशी. अंगाखाली दोन कॅरीमॅट. लाडू फोडायला गेलो तर दगड झालेले, भाचीनं एक काखेत धरून मऊ केला, दुसरा हातोडीगत सॅकच्या पट्टीवर आपटला. मग आम्ही अंधारात पडलो, आणि पहिली दहा मिनिटं बॅग गारच होती. ती नेहमीच गार असते. नव्या माणसाला वाटतं, फसलो. पांघरूण कधी ऊब देत नसतं, त्याच्याकडे नसतेच. आपणच आत शिरून आपली ऊब सोडायची, ती हळूहळू पिसांमधल्या हवेत साठते, आणि मग रात्रभर ती राखायची. मला तेव्हा नेहमी वाटतं, आपण स्वतःकडेच पाहुणे म्हणून आलो आहोत.

दोन वाजता जाग आली. कशासाठी आली हे थंडीत तंबूत राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाच मिनिटं मी स्वतःशी भांडले, मग बाहेर गेले. देवदारांच्या वर मृग, त्याच्या खाली व्याध, इतका ढळढळीत की डोळ्यांत पाणी यावं, आणि ते पाणी गालावर येईस्तोवर टोचू लागलं. बर्फ पायाखाली साखरेसारखं करकरलं. दूर कुठेतरी फांदीवरचा भार खाली घसरला आणि पुन्हा सगळं शांत. नाक सुन्न होईपर्यंत उभी राहिले. परत येऊन बॅगेत पाय घातले तर माझी ऊब तशीच होती, मी जशी ठेवून गेले होते तशी.

पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी जमली होती. भाचीनं उठताना डोकं वर केलं आणि आमचे रात्रभराचे श्वास बर्फ होऊन आमच्याच तोंडावर पडले.

परत आल्यावर माझी स्लीपिंग बॅग धुऊन, दोन दिवस गॅलरीत उन्हात पसरून, मधूनमधून झटकत वाळवली. ती पुन्हा ट्रंकेत कोंबायची नसते. पिसं दाबून ठेवली की फुगायचं विसरतात. तिला मोठी सैल पिशवी लागते आणि आमच्या घरात तेवढी जागा नाही. तेव्हा ती आईच्या पलंगावर पायथ्याशी पडून असते. परवा दुपारी मी ऑफिसातून लवकर आले. बाहेर फेब्रुवारीचं ऊन, खिडकी उघडी, पंखा तीनवर. आई कूस बदलून झोपली होती आणि दोन्ही पावलं तिनं बॅगेच्या तोंडातून आत सरकवली होती. मी हळूच आत हात घालून बघितलं. चांगलं ऊबदार झालं होतं. पंखा दोनवर केला.